फेब्रुवारीच्या पगाराचा दिवस

सकाळी 6:30

फेब्रुवारीचा पगार हा नोकरदाराच्या वर्षातला सगळ्यात लहान पगार. वर्षभराचा जेवढा आयकर कापायचा राहिलेला असतो तो याच बिलात कापतात, आणि प्रत्येकाचं आयकर विवरण जोडल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. त्यामुळे जानेवारी संपत आला की नांदेडजवळच्या अर्धापुरातल्या माझ्या करसल्ल्याच्या ऑफिसात आडत्यांची आणि दुकानदारांची कामं बाजूला पडतात आणि शाळा-कॉलेजांचे गठ्ठे टेबलावर येतात. बाहेर शिवारात याच दिवसांत हळद निघालेली असते. शेतकऱ्याला घुगऱ्यांसारखी शिजलेली हळद वाळवायची घाई, आणि पगारदाराला विवरण भरायची.

मोबाईलवर रात्रीपासून साठलेले निरोप बघतो. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: "साहेब, माझं बारा लाखांत बसते का?"

सकाळी 7:45

ऑफिस उघडल्यावर पहिलं काम म्हणजे भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर यंदाचे दर पुन्हा ठळक लिहिणं. 2025-26 साठी नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही. 4 ते 8 लाखांना 5 टक्के, 8 ते 12 ला 10, 12 ते 16 ला 15, 16 ते 20 ला 20, 20 ते 24 ला 25 आणि त्यापुढे 30. करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कलम 87अ खाली 60,000 पर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट आहे, म्हणून त्याची हद्द 12 लाख 75 हजार. या सगळ्यावर 4 टक्के सेस.

1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पानंतर ही हद्द घरोघरी पाठ झाली. पण ती ओलांडल्याबरोबर काय होतं, हे लोकांना फेब्रुवारीच्या विवरणातच कळतं.

मुंबई-पुण्यात साडेबारा-तेरा लाखांचा पगार मध्यम समजला जातो. अर्धापूर तालुक्यात मात्र हाच वरचा थर. ज्येष्ठ माध्यमिक शिक्षक, कनिष्ठ महाविद्यालयाचे अनुभवी व्याख्याते, बँकेचे शाखाधिकारी, सरकारी डॉक्टर हे या थरातले लोक. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन पासष्ट-सहासष्ट हजारांच्या आसपास पोचलं की महागाई भत्ता धरून माणूस नेमका याच हद्दीवर येऊन उभा राहतो. म्हणजे ज्यांच्याकडे गाव 'मोठा पगार' म्हणून बघतं, त्यांतले बरेच जण बारा लाखांच्या काठावर आहेत.

सकाळी 9:15

एका शाळेचे वरिष्ठ लिपिक गठ्ठा घेऊन आले. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका एक्सेल शीटमध्ये त्यांनी सगळ्यांची विवरणं भरलीत. "भाऊ, एकदा नजर टाका. एका सरांचा कर लई दाखवायला."

सरांचे आकडे सोयीसाठी गोल करून सांगतो. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता महिन्याला 1 लाख, वर्षाचे 12 लाख. घरभाडे आणि इतर भत्ते 80 हजार. नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. त्याऐवजी वर्गणीवर चालणारी पेन्शन: तिला आधी डीसीपीएस म्हणत, आता एनपीएस. दर महिन्याला वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के त्यांच्या पगारातून कापतात, वर्षाला 1,20,000. शासन आपला हिस्सा 14 टक्के भरतं, वर्षाला 1,68,000. शासनाचा हिस्सा आधी 10 टक्के होता, तो 1 एप्रिल 2019 पासून 14 झाला.

आयकराच्या कायद्यात या 14 टक्क्यांना दोनदा हजेरी लावावी लागते. आधी ती रक्कम पगारात मिळवायची, मग कलम 80 सीसीडी(2) खाली तेवढीच वजा करायची. राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी ही वजावट 10 वरून 14 टक्के व्हायला 2022 चा अर्थसंकल्प उजाडावा लागला, आणि तो बदल पूर्वलक्षी दिला गेला. नव्या करप्रणालीत 80सी गेलं, गृहकर्जाचं व्याज गेलं, विम्याचा हप्ता गेला, पण ही एक वजावट 2020 पासून टिकून आहे.

शीटमध्ये शासनाचा हिस्सा मिळवला होता आणि वजावटीचा रकाना कोरा होता. त्यामुळे करपात्र उत्पन्न 13,73,000 झालं आणि कर सेससह 89,388. मी 1,68,000 वजा केले. उत्पन्न 12,05,000 आणि कर 5,200. एका कोऱ्या रकान्याने सरांच्या फेब्रुवारीतून 84,188 रुपये जाणार होते. जुलैत रिटर्न भरून ते परत मागता आले असते हे खरं, पण ज्याच्या घरात मुलीची फी भरायची आहे त्याला फेब्रुवारीतला रुपया आणि ऑक्टोबरातला रुपया सारखा नसतो.

गठ्ठ्यातली बाकीची विवरणं त्याच नजरेने तपासली. हीच चूक आणखी काहींच्या कागदांवर निघाली. शीट दुरुस्त करून लिपिकांच्या मोबाईलवर पाठवली.

सकाळी 10:45

ते सर स्वतःच आले. त्याच शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवतात, त्यामुळे आकड्यांना घाबरत नाहीत. पाच हजार दोनशे ऐकून सुटकेचा श्वास घेतला, मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "साहेब, पण पाच हजार वर गेले आणि कर पाच हजार दोनशे कामून?"

मी कागदावर मांडून दाखवलं. 12,05,000 वर दरांप्रमाणे कर होतो 60,750. बारा लाखांना शून्य आणि पाच हजार जास्त झाले म्हणून साठ हजार, असा धक्का बसू नये म्हणून कायद्यात मार्जिनल रिलीफ आहे. बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर 5,000. पण सेस त्या करावर लागतो, 200 रुपये. एकूण 5,200.

हा रिलीफ धक्का मऊ करतो यात शंका नाही. पण त्याचा दुसरा अर्थही सरांना दाखवणं भाग होतं. बारा लाखांच्या पुढे मिळालेल्या प्रत्येक शंभर रुपयांवर कर आहे 104 रुपये. शेवटच्या रुपयावरचा दर, ज्याला सीमांत दर म्हणतात, तो इथे शंभराच्या वर जातो. फळ्यावर सगळ्यात मोठा आकडा 30 टक्क्यांचा आहे, आणि चोवीस ते पन्नास लाख कमावणाऱ्याला पुढच्या शंभरावर सेस धरून 31 रुपये 20 पैसे द्यावे लागतात. करपात्र साडेबारा लाखांच्या शिक्षकाला 104. हा पट्टा करपात्र 12,00,000 पासून 12,70,588 पर्यंत पसरलेला आहे. तिथून पुढे दर सेस धरून एकदम 15.6 टक्क्यांवर येतो.

"सर, मुदतठेवीचं व्याज काही?"

"आठेक हजार असेल."

"ते यात धरलेलं नाही. धरलं की उत्पन्न 12,13,000. कर 13,520."

त्यांनी स्वतःच वजाबाकी केली. आठ हजार व्याजावर 8,320 कर. बोर्डाचे पेपर तपासल्याचं मानधन, निवडणुकीच्या ड्यूटीचा भत्ता, महागाई भत्त्याचा वाढलेला हप्ता, सगळ्यांचं हेच. बारावीचे गठ्ठे घरी आणून रात्री तपासणाऱ्या माणसाला त्या कामाचं मानधन पूर्ण सोडून वर चार टक्के द्यावे लागतात, हे मला पटत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. सूट मोठी दिली की तिच्या काठावर कडा तयार होतो. पण तो कडा उतरता करता येतो. बारा लाखांवरच्या रुपयावर शंभर टक्के न घेता तीस-चाळीस टक्के घेत सूट हळूहळू संपवली, तर पट्टा लांबेल आणि सरकारचं थोडं उत्पन्न बुडेल, पण कुणाचंही जास्तीचं काम तोट्यात जाणार नाही.

मग सरांनी तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होतो. "माझे एक लाख वीस हजार कापलेत एनपीएसला. ते पैसे माझ्या हातात आलेच नाहीत. ते वजा केले तर मी बारा लाखांच्या कितीतरी खाली येतो."

बरोबर. 12,05,000 मधून 1,20,000 गेले तर उरतात 10,85,000, कर शून्य. पण नव्या करप्रणालीत स्वतःच्या वर्गणीला वजावट नाही. कलम 80 सीसीडी(1) नाही, आणि 2015 च्या अर्थसंकल्पाने दिलेले 80 सीसीडी(1ब) चे वेगळे 50,000 ही नाहीत. शासनाने भरलेले 1,68,000 करातून सुटतात, सरांच्या पगारातून सक्तीने कापलेले 1,20,000 सुटत नाहीत. दोन्ही रकमा एकाच प्रान म्हणजे पेन्शन खात्यात जातात, तिथून त्याच फंडांत गुंततात, आणि निवृत्तीपर्यंत दोन्हींना जवळपास सारखंच कुलूप. मुख्य फरक एवढाच की एका रकमेवर मालकाचं नाव आहे आणि दुसरीवर कर्मचाऱ्याचं.

"मग जुन्या करप्रणालीत जाऊ?"

तोही हिशेब केला, कारण न करता उत्तर देणं बरं नव्हे. जुन्यात प्रमाणित वजावट 50,000, व्यवसाय कर 2,500, 80सी आणि स्वतःची एनपीएस मिळून 1,50,000, वरचे 50,000. व्याज धरून उत्पन्न 10,35,500 आणि कर सेससह 1,28,076. गृहकर्जाचं व्याज पूर्ण दोन लाख असतं तरीही नव्यातले 13,520 कितीतरी स्वस्त. म्हणून नव्यातच राहायचं. नव्या प्रणालीने सरांचा कर पुष्कळ कमी केलाय, ही बाजू मी लपवत नाही. वजावटी काढून दर कमी करायचे, हा तिचा सौदाच आहे. पण 80सीतली विम्याची पॉलिसी घ्यायची की नाही हे सरांच्या हातात होतं. एनपीएसची कपात त्यांच्या हातात नाही. जी कपात थांबवता येत नाही तिच्यावर कर का, याचं उत्तर मला अजून कुणी समाधानकारक दिलेलं नाही.

सरांना एक वाट मात्र सुचवली. मागच्या वर्षांची वेतन-थकबाकी यंदा मिळाली असेल तर कलम 89 चा दिलासा मिळतो, रिटर्नच्या आधी ऑनलाइन टेन-ई फॉर्म भरावा लागतो. थकबाकी निघाली, साडेअकरा हजारांची. त्यांच्याकडून महिन्यावार तक्ता मागवला. ती रक्कम ज्या वर्षांची आहे त्या वर्षांत नेऊन कर काढला की यंदाचा भार बराच उतरेल.

दुपारी 1:30

डबा. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी. फोन चालूच.

दुपारी 2:15

शेजारच्या गावातल्या केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. लहानपणापासून मला काका म्हणतो. कंपनीच्या एचआरकडून मेल आलाय: एनपीएसचा कॉर्पोरेट पर्याय हवा का? "काका, आत्ताच कशाला म्हातारपणाचं? हातातला पगार कमी होईल ना."

त्याचा हिशेब मात्र सरांच्या अगदी उलट निघतो. पीएफ बाजूला ठेवू. वर्षाचा पगार 13,60,000, त्यात मूळ वेतन निम्मं, 6,80,000. प्रमाणित वजावट काढून करपात्र 12,85,000. हा 104 च्या पट्ट्याच्या पलीकडे गेलेला आहे, म्हणून पूर्ण कर लागतो: 75,660.

आता त्याने कंपनीला सांगितलं की माझ्याच पगारातले मूळ वेतनाच्या 14 टक्के, म्हणजे 95,200, तुमचा हिस्सा म्हणून एनपीएसमध्ये भरा. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पापर्यंत खासगी कंपनीला ही मर्यादा 10 टक्के होती, आता नव्या प्रणालीत 14 आहे. उत्पन्न उरतं 11,89,800. बारा लाखांच्या आत, कर शून्य.

"म्हणजे हातात किती कमी येतील?"

"95,200 खात्यात जातील आणि वर्षाला हातात फक्त 19,540 कमी येतील. उरलेले 75,660 तू नाहीतर करात भरणार होतास."

पलीकडे काही क्षण आवाज नाही. मग म्हणाला, "हे एचआरनं असं कधी सांगितलंच नाही."

त्याला दोन गोष्टी बजावल्या. एक, हा पैसा वर्षानुवर्षे अडकतो, मधे थोडाफार काढायची मुभा फक्त स्वतःच्या वर्गणीतून असते, मालकाच्या हिश्श्यातून नाही. बहिणीचं लग्न किंवा विहिरीचं खोदकाम याच्या भरवशावर ठरवायचं नाही. दोन, हे कंपनीच्या पगाररचनेतूनच व्हायला हवं. स्वतः बँकेत जाऊन तेच पैसे तेवढेच एनपीएसमध्ये भरले तर नव्या प्रणालीत एक रुपयाही सुटणार नाही. त्याचा साहेब वर्षाला ऐंशी लाख घेतो म्हणे. त्याला आणखी एक मर्यादा आहे: पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन मिळून मालकाचा हिस्सा वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेला की वरची रक्कम करपात्र धरतात. 2020 च्या अर्थसंकल्पापासून हा नियम आहे. याला तिथपर्यंत पोचायला वेळ आहे.

फोन ठेवल्यावर सकाळच्या सरांचा कागद पुन्हा समोर घेतला. मुलाला पगाराची मांडणी बदलता येते, म्हणून तो कड्यावरून सुरक्षित खाली उतरू शकतो. सरांची मांडणी शासननिर्णयाने ठरलेली आहे, 14 चे 15 होत नाहीत आणि स्वतःचे 10 मोजले जात नाहीत. हा फरक दोघांच्या कष्टांमुळे पडत नाही, पगारबिलाच्या रचनेमुळे पडतो.

दुपारी 3:40

एक गुरुजी आले, घरची चार एकर केळी. ईसापूर धरणाच्या कॅनॉलमुळे अर्धापूरचा हा पट्टा केळीचा झाला, आणि इथल्या अनेक नोकरदारांच्या नावावर बाग आहे. गुरुजींचं करपात्र उत्पन्न बरोबर 12 लाख. "शून्य ना?"

शून्य नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवताना ते मोजतात. खर्च जाऊन केळीचे 3 लाख उरले. मग 15 लाखांवरचा कर 1,05,000 काढायचा, त्यातून 7 लाखांवरचा 15,000 वजा करायचा. 7 लाख म्हणजे शेतीचे 3 आणि करमुक्त हद्दीचे 4. राहिले 90,000. त्यातून सूट मिळते जास्तीत जास्त 60,000. कर 30,000, सेससह 31,200. शेतीवर कर लागलेला नाही, पण शेतीने पगाराला वरच्या पायरीवर ढकललं. गुरुजी नाराज झाले. उत्पन्न दडवायचं म्हणाले असते तर मी काम सोडलं असतं. ते म्हणाले, "जे असंल ते लिवा." बागेच्या खर्चाच्या पावत्या, रोपं, ठिबक, खत, मजुरी, नीट लावून घेतल्या. खर्च खरा आणि पूर्ण दाखवणं हा त्यांचा हक्क आहे.

दुपारी 4:30

नांदेडचे एक डॉक्टर, स्वतःचं हॉस्पिटल. नफा एक्कावन्न लाख. तिथे दुसरा कडा आहे: 50 लाखांवर 10 टक्के अधिभार सुरू होतो, आणि इथेही रिलीफमुळे 50 लाख ते साधारण 51 लाख 61 हजारांच्या पट्ट्यात प्रत्येक जास्तीचा शंभर सेससह 104 ला पडतो. डॉक्टरांना एनपीएसमध्ये भरायची तयारी आहे. पण त्यांना मालक नाही, त्यामुळे नव्या प्रणालीत मालकाच्या हिश्श्याची वाटही नाही. उपकरणांचा घसारा तपासला, 31 मार्चपूर्वी घ्यायचंच होतं ते यंत्र आता घ्यायला सांगितलं. डॉक्टर घाईत होते, दहा मिनिटांत निघाले.

संध्याकाळी 5:30

चहाच्या वेळी ओळखीचे दोन प्राध्यापक थांबले. एक 1998 ला लागलेले, जुन्या पेन्शनचे. दुसरे 2007 चे, एनपीएसवाले. दोघांचंही खातं माझ्याकडे आहे. पगार जवळपास सारखा, वेतन आणि महागाई भत्ता महिन्याला 2 लाख 30 हजारांच्या घरात, दोघेही 30 टक्क्यांच्या पायरीवर.

एनपीएसवाल्या सरांचा स्वतःचा हिस्सा वर्षाला 2,76,000. शासनाचा 3,86,400, तो सुटला. स्वतःच्या 2,76,000 वर कर लागतो 86,112. जुन्या पेन्शनच्या सरांना दरमहा सक्तीने असे 10 टक्के भरावे लागत नाहीत. जीपीएफमध्ये ते भरतात ते स्वतःच्या खात्यात, कमीजास्त करता येतं, गरजेला काढता येतं. 2021 पासून वर्षाला 5 लाखांच्या वरच्या वर्गणीचं व्याज करपात्र झालं, एवढंच त्यांना सांभाळावं लागतं. आणि निवृत्तीनंतर पेन्शन ठरलेली.

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा दोघेही नांदेडला मोर्चात होते. त्यानंतर शासनाने नोव्हेंबर 2005 पूर्वीच्या जाहिरातीवर भरती झालेल्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय दिला, आणि बाकीच्यांसाठी शेवटच्या वेतनाच्या निम्म्या पेन्शनची हमी असलेली सुधारित योजना आणली. त्या सगळ्या वादात निवृत्तीनंतर काय मिळणार यावर खूप बोललं गेलं. नोकरीत असताना त्या कपातीवर किती कर जातो, हे कुणी बोललं नाही. 2007 च्या सरांना मी 86,112 चा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "दरवर्षी?" "नव्या प्रणालीत राहाल तोवर दरवर्षी. जुन्यात गेलात तर त्याहून जास्त जाईल."

संघटनेच्या पुढच्या निवेदनात ही मागणी घालायची असं त्यांनी ठरवलं. मी मसुदा करून देतो म्हणालो. मागणी एका वाक्याची आहे: सेवाशर्तीने सक्तीची असलेली कर्मचाऱ्याची एनपीएस वर्गणी नव्या करप्रणालीत मालकाच्या हिश्श्याप्रमाणेच वजा करावी.

रात्री 8:45

एका जुन्या अशिलाची मुलगी ब्रिटनमध्ये डॉक्टर आहे. इथल्या घराच्या भाड्याचं रिटर्न माझ्याकडून भरते. काम झाल्यावर तिला सहज विचारलं, तिकडे कसं आहे? तिकडेही कडा आहे. वर्षाला 1 लाख पौंडांच्या वर गेलं की 12,570 पौंडांची करमुक्त रक्कम दर दोन पौंडांमागे एक या हिशेबाने आटत जाते, आणि 1,25,140 ला संपते. या पट्ट्यात आयकराचा दर पडतो 60 टक्के. तोही जाचक, पण शंभर नाही. मी सकाळी म्हणालो तसा उतरता.

आणि तिथे स्वतःची पेन्शन वर्गणी करापूर्वी वजा होते. ती एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत आहे, तिच्या पगारातून साडेबारा टक्के कापतात. 1,14,000 पौंडांवर 14,250 गेले की कराला दिसतात 99,750. त्या एका कपातीने तिचा 8,500 पौंड कर वाचतो.

तिकडच्या नियमांनी वेगळी फजिती केली होती. 2016 पासून मोठ्या पगारदारांची पेन्शन भरायची वार्षिक मर्यादा उत्पन्नानुसार आटत जाऊ लागली. एनएचएसच्या ज्येष्ठ डॉक्टरांना जादा पाळी केली की पेन्शनची वाढ मर्यादेबाहेर जाऊन मोठं करबिल येऊ लागलं, आणि त्यांनी पाळ्या नाकारायला सुरुवात केली. रुग्णांच्या रांगा वाढल्या. 2020 मध्ये तो नियम लागू होण्याचा उत्पन्नाचा उंबरठा 1,10,000 वरून 2,00,000 पौंडांवर नेला, आणि 2023 मध्ये वार्षिक मर्यादा 40,000 वरून 60,000 केली. म्हणजे नियमामुळे माणसं काम नाकारतात हे दिसल्यावर सरकारने नियम बदलला. आपल्याकडे पेपर तपासणारे शिक्षक काम नाकारू शकत नाहीत, म्हणून तो परिणाम कुणाला दिसत नाही.

रात्री 10:15

सरांचा थकबाकीचा तक्ता आला. टेन-ईचं गणित मांडलं. त्यांचं विवरण पूर्ण केलं आणि बिलासोबत जोडायला पाठवलं.

पुण्याच्या मुलाला निरोप टाकला: यंदाचं वर्ष हातचं गेलं, पण 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे आकडे बदलतील, मालकाच्या हिश्श्याची वजावट तशीच राहते. एचआरचा फॉर्म मार्चमध्येच भर, म्हणजे एप्रिलच्या पगारापासून 14 टक्के सुरू होतील. वर्षाच्या मधे सुरू केलंस तर तेवढ्याच महिन्यांचे धरतील आणि तू 104 च्या पट्ट्यात अडकशील.

संघटनेच्या निवेदनाचा मसुदा लिहायला घेतला. त्यात तीन आकडे घातले: सरांचे 1,20,000, प्राध्यापकांचे 86,112 आणि शंभरावरचे 104. उद्या सकाळी दुसऱ्या एका कॉलेजचा गठ्ठा यायचा आहे, त्यात सगळ्यात आधी 80 सीसीडी(2) चा रकाना बघायचा.